आईबाबांच्या घरासाठी होम असिस्टंटचा सर्व्हर: दहा हजारांत कुठलं मशीन घ्यावं?

लालबागकर

नमस्कार मंडळी,

आईबाबा लालबागला जुन्या इमारतीत तिसऱ्या माळ्यावर राहतात, वन रूम किचन. मी पवईला. बाबांना रात्री उठावं लागतं आणि बटण सापडेपर्यंत ते भिंतीला हात लावत अंधारात चालतात. पाणी पहाटे येतं, त्यामुळे टाकी वाहू नये म्हणून आई अर्धवट झोपेत असते. मला सध्या एवढंच हवंय: बाबांनी पलंगावरून पाय खाली टाकला की मोरीपर्यंतचा दिवा लागावा, टाकी भरत आली की आईच्या उशाशी बझर वाजावा, आणि बाहेरचं दार बराच वेळ उघडं राहिलं तर मला फोनवर कळावं. पुढेमागे दारावर एक कॅमेरा.

होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे-सेन्सर घरातल्याच मशीनवरून चालवणारा प्रोग्राम, वापरायचं हे नक्की केलंय. कारण एकच, इंटरनेट बंद पडलं तरी दिवा लागला पाहिजे. ज्या बल्बचा हुकूम कुठल्याशा परदेशी सर्व्हरवर जाऊन परत येतो, तो मला बाबांच्या रात्रीसाठी नको.

अडलंय ते मशीनपाशी. रास्पबेरी पाय ५ (एका छोट्या बोर्डावरचा संगणक), इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी, ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप, की माझ्याकडे पडून असलेला जुना टॉवर? बजेट दहा हजार, त्यातच झिगबी डोंगल (बिनतारी सेन्सरांशी बोलणारी यूएसबी कांडी) बसवायचाय. मशीन ज्या खोलीत राहील त्याच खोलीत दोघं झोपतात, तेव्हा पंख्याची घरघर चालणार नाही. आणि वीजबिल बाबा भरतात, नीट वाचून भरतात.

वॅटमोजणी

टॉवर बाद करा. हिशोब मांडतो.

एक वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. जुना टॉवर काहीही काम नसताना ४०-४५ वॅट खातो, म्हणजे वर्षाला ३५० ते ४०० युनिट. ऑफिसवाला छोटा डेस्कटॉप निवांत असताना १० वॅटच्या आसपास असतो, साधारण ८८ युनिट. एन१०० सहा ते आठ वॅट, ५० ते ७० युनिट. पाय ५ तीन-चार वॅट, २५ ते ३५ युनिट.

दर लावताना सरासरी लावू नका. बिल टप्प्याटप्प्याने चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी वरचा. घरातला पंखा, फ्रीज, टीव्ही आधीपासून आहेतच. सर्व्हर ही नवी भर, म्हणून त्याचे युनिट तुमच्या शेवटच्या टप्प्यातच पडणार. लालबागला बेस्टचं बिल येत असेल, त्यातला तुमचा वरचा टप्पा बघा आणि तो दर लावा. सोयीसाठी मी दहा रुपये धरतो. मग छोटा डेस्कटॉप आणि पाय यांच्यात वर्षाला पाच-सहाशे रुपयांचा फरक पडतो. टॉवर आणि छोटा डेस्कटॉप यांच्यात तीन हजारांचा. म्हणजे घरात पडून असलेला ‘फुकटचा’ टॉवर तीन वर्षांत एका छोट्या डेस्कटॉपचे पैसे बिलातून वसूल करतो, आणि ते बाबांच्या खिशातून.

आणखी एक. जाहिरातीत प्रोसेसरपुढे ३५ वॅट किंवा ६ वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना किती उष्णता बाहेर काढायची तयारी हवी, ते सांगतो. ३५ वॅटचं मशीन दिवसभर ३५ वॅट खात नाही आणि ६ वॅटवालं नेहमी सहावर थांबत नाही. होम असिस्टंट दिवसातला बहुतेक वेळ वाट बघण्यात घालवतं, तेव्हा निवांत असतानाचा आकडा महत्त्वाचा. वॅटमीटरचा प्लग मिळतो, तो लावा आणि स्वतः बघा.

पायप्रेमी

पायची बाजू मांडतो. आवाज शून्य, जागा तळहाताएवढी, वीज सगळ्यात कमी. होम असिस्टंटला पाय ४ दोन जीबी रॅमवरही पुरतो. तुमच्या गरजा बघता पाय ५ म्हणजे गरजेपेक्षा जास्तच.

पण किंमत धरताना नुसत्या बोर्डाची धरू नका, इथेच लोक फसतात. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे २७ वॅटवाला पुरवठा हवा. मोबाइलचा चार्जर लावला तर यूएसबीला जाणारा करंट पाय स्वतःच आवरता घेतो, आणि मग यूएसबीवरची एसएसडी किंवा डोंगल अधूनमधून गायब होतात. चार्जर, केस, कूलर, एसएसडी आणि तिचा अडॅप्टर हे सगळं जोडलं की बेरीज ऑफिसवाल्या डेस्कटॉपच्या पुढे जाते. त्यात २०२५च्या शेवटी मेमरी महागल्यामुळे पायचे भावही वाढलेत.

कार्डाबद्दल कळकळीने सांगतो. एसडी कार्डावर हा सर्व्हर कायमचा ठेवू नका. होम असिस्टंट प्रत्येक सेन्सरची नोंद डेटाबेसमध्ये सतत लिहीत असतं, मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर पाच सेकंदांनी, आणि दहा दिवसांच्या नोंदी सांभाळतं. कॅमेऱ्यात फोटो काढायला बनवलेलं कार्ड या माऱ्यासाठी नाही. ते मरतं तेव्हा आधी सांगतही नाही.

थोडक्यात, पाय ४ घरात पडून असेल तर त्याला यूएसबी एसएसडी लावा आणि आजच सुरू करा. नसेल तर नवा घेण्यासाठी मी आता आग्रह धरणार नाही.

घाटकोपर_मेट्रो

माझ्याकडे जुना अ‍ॅटमवाला नेटबुक आहे, ३२ बिट. चालेल का? धागा हायजॅक करायचा नाही, एका शब्दात सांगा.

पायप्रेमी

नाही. ३२ बिटचा पाठिंबा होम असिस्टंटने २०२५च्या शेवटी बंद केला.

ग्रँटरोड_पूर्व

माझं कामच ऑफिसातली जुनी मशीन काढून नवी लावण्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्यासाठी ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप, यात मला शंका नाही. आणि वेळही बरोबर आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची धडधाकट मशीन कंपन्या ढिगाने बाहेर काढतायत. त्यांचा दोष एवढाच की त्यांच्यावर नवं विंडोज चढत नाही. तुम्हाला विंडोज लागणारच नाही.

दुकानात ‘टायनी’ किंवा ‘मायक्रो’ म्हणून विचारा. लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू, एम९१०क्यू. डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० किंवा ७०५० मायक्रो. एचपी एलिटडेस्क ८०० जी३ मिनी. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘टी’ (कमी वीज खाणारा) हवा, आय५-६५००टी किंवा आय५-७५००टी. हीच मॉडेलं मोठ्या डब्यातही येतात, दुकानदार ती आधी दाखवेल, ती घेऊ नका. रॅम आठ जीबी आत बसलेलीच घ्या. रॅमचे भाव चढलेत, चार जीबीवालं स्वस्तात घेऊन नंतर वाढवू म्हणाल तर हिशोब उलटा पडेल.

जागा म्हणजे आपला लॅमिंग्टन रोड, पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जा, तेव्हा दुकानदाराला मशीन लावून दाखवायला वेळ असतो. ऑनलाइनपेक्षा समोर उभं राहून घेण्याचा फायदा हाच.

काउंटरवर काय बघायचं ते सांगतो. आधी बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंगं, उघडायला सांगा. पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवा. कंपनीने लावलेला पासवर्ड निघत नाही असं नाही, पण तो उद्योग तुम्ही का करायचा? बायोस उघडलं की वीज परत आल्यावर काय करायचं ते सेटिंग शोधा. डेलमध्ये ते ‘एसी रिकव्हरी’ नावाने असतं, बाकीच्यांत ‘आफ्टर पॉवर लॉस’. ते ‘पॉवर ऑन’ करा, सेव्ह करा, आणि मशीन चालू असताना सरळ प्लग उपटा. दहापंधरा सेकंदांनी परत लावा. बटणाला हात न लावता मशीन सुरू झालं पाहिजे. लालबागच्या घरात लाइट जाऊन आली तर ते बटण दाबायला तुम्ही पवईहून येणार नाही आहात.

ही परीक्षा दुसरं एक दुखणंही उघड करते. आत बोर्डवर सीआर२०३२ चा नाण्यासारखा सेल असतो. मशीन आठ-नऊ वर्षांचं म्हणजे तो बहुधा संपलेला. मग वीज गेली की घड्याळ मागे जातं, सेटिंग पुसलं जातं आणि स्क्रीनवर ‘एफ१ दाबा’ लिहून मशीन तसंच बसून राहतं. सर्व्हरला स्क्रीन नसते, तेव्हा ते बसलंय हे कुणाला दिसतही नाही. सेल चाळीस-पन्नास रुपयांचा. त्याच्याकडून नवा घालून घ्या आणि प्लगची परीक्षा परत करा.

अडॅप्टर कंपनीचाच घ्या. डेलच्या मशीनला अडॅप्टरची ओळख पटावी लागते. आतल्या बारीक पिनमधून ती माहिती जाते. ओळख पटली नाही तर मशीन चालू होतं, पण प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवतं, आणि लोक उगाच मशीनला नावं ठेवतात.

एसएसडी जुनी असेल तर ती किती तास चाललीय आणि किती झिजलीय ते तिच्याच ‘स्मार्ट’ नावाच्या तब्येतीच्या नोंदीत दिसतं. विंडोज चढवलेलं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये दोन मिनिटांत कळेल. माझं मत विचाराल तर जुनी एसएसडी घ्यायचीच नाही. नवी २५६ जीबीची वेगळी घ्या. सगळ्या मशीनमध्ये जुनं चालेल, साठवण नवीच हवी.

आणि पंखा. दुकानातल्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, म्हणून मशीन हातात घेऊन जाळीला कान लावा. खर्रखर्र असेल तर दुसरं काढायला सांगा. एकसारखा हलका वारा असेल तर घरी धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदललीत की रात्री जाणवणार नाही. सहाव्या-सातव्या पिढीचं असं मशीन आठ जीबीसकट दहा हजारांच्या आत बसतं. घासाघीस करा, बिल घ्या, बिलावर सिरियल नंबर आणि हमीची मुदत लिहून घ्या.

चारकोप_सेक्टर

ग्रँटरोड यांना +१. वाचनखूण साठवली. सीआर२०३२ ची गोष्ट कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही.

कॅमेरा_कोपरा

‘पुढेमागे कॅमेरा’ म्हणालात, त्यावर लिहितो, कारण मशीनची निवड खरं तर तिथेच ठरते.

दिवे आणि सेन्सर यांचं काम पायलाही जड नाही. कॅमेऱ्यात माणूस आहे की मांजर हे ओळखायचं म्हटलं की खेळ बदलतो. फ्रिगेट हा कॅमेऱ्यांचा प्रोग्राम वापरलात तर सहाव्या पिढीपासून पुढच्या इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर ओळखीचं काम करणारं ओपनव्हिनो चालतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. एकदोन कॅमेऱ्यांना आय५-६५००टी पुरतो. एन१००ही पुरतो, आणि त्याला नवे व्हिडिओ प्रकार जास्त समजतात. पाय मात्र इथे धापा टाकतो.

कॅमेरा घेताना तो आरटीएसपी (घरातल्या मशीनला थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) देतो का आणि दोन प्रवाह देतो का ते विचारा. ओळखीसाठी छोटा, साठवणीसाठी मोठा. चार एमबीपीएसचा एक प्रवाह अखंड साठवलात तर दिवसाला ४३ जीबी होतात. २५६ जीबीची एसएसडी आठवड्याच्या आत भरेल. हालचाल झाली तेवढंच साठवा.

लालबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसून समजावलं नसतं.

एन१०० बद्दल विचारतो. नवं मशीन, वीज कमी, पंखा नसलेलेही प्रकार दिसतात. हजार-दोन हजार जास्त घालून तेच घ्यावं का?

वॅटमोजणी

विजेत वाचतात ते वर्षाला दोन-तीनशे रुपये. वरची किंमत भरून यायला बरीच वर्षं जातील. बजेट पंधरा हजार असतं तर मीही एन१०० म्हटलं असतं.

ग्रँटरोड_पूर्व

प्रोसेसर उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या मशीनची पेटी उघडल्यावर आत कुठल्या कंपनीची एसएसडी आणि कुठला अडॅप्टर निघेल ते नावावरून कळत नाही. तीन वर्षांनी अडॅप्टर गेला तर? ऑप्टिप्लेक्सचा अडॅप्टर, पंखा, झाकणाचा स्क्रूसुद्धा लॅमिंग्टन रोडला सुटा मिळतो. आईबाबांच्या घरातली वस्तू दुरुस्त होणारी असावी, असं मला वाटतं.

अंबरनाथ_पूर्व

मुंबईकरांना लाइट जाण्याची सवय नाही, १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस आला तर तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. त्यामुळे माझं मत जुन्या लॅपटॉपकडे झुकतं. बॅटरी आत, स्क्रीन-कीबोर्ड आत, वीज कमी. माझा सर्व्हर जुन्या बिझनेस लॅपटॉपवर चालतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग बायोसमध्ये असेल तरच हा मार्ग धरा. शंभर टक्क्यांवर कायम टोचलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते, आणि माणसं झोपतात त्या खोलीत फुगलेली बॅटरी नकोच नको. टचपॅड वर उचललेला दिसला की तो लॅपटॉप लगेच बंद करून बॅटरी काढायची.

लालबागसाठी मात्र छोटा डेस्कटॉप आणि राउटरला मिनी यूपीएस पुरेल. राउटरचे ते छोटे यूपीएस बहुतेक १२ व्होल्ट २ अँपिअरचे असतात, डेस्कटॉपला १९-२० व्होल्ट लागतात, तेव्हा त्यावर डेस्कटॉप चालणार नाही. त्याला वेगळा साधा यूपीएस लागेल. तो नंतर घेतलात तरी चालेल, कारण मशीन आपणहून उठणार आहे.

पार्लेकरीण

मी सासूबाईंसाठी हेच सगळं केलंय, म्हणून मशीनच्या थोडं पलीकडचं लिहिते.

बाबांचा रात्रीचा दिवा सर्व्हरवर एकट्यावर सोडू नका. कितीही चांगलं मशीन घेतलंत तरी ते कधीतरी अपडेट होत असेल, कधीतरी बंद असेल, आणि बाबा नेमके तेव्हाच उठतील. सेन्सर असलेला साधा रात्रीचा दिवा प्लगमध्ये लावायचा मिळतो, दोन-तीनशे रुपयांचा. तो मोरीच्या दाराशी लावून टाका, त्याला ना वायफाय लागत ना सर्व्हर. होम असिस्टंटने मोठा दिवा लावावा. दोन्ही असू देत. आणि भिंतीवरचं नेहमीचं बटण नेहमीसारखंच चाललं पाहिजे, ही अट सोडू नका. ज्येष्ठांना घरातलं बटण बदललेलं चालत नाही आणि ते त्यांचं बरोबर आहे.

हालचालीचा सेन्सर पलंगाखाली जमिनीकडे तोंड करून लावा. पाय खाली टेकला की कळतं, कूस बदलली तर दिवा लागत नाही. सासूबाईंची झोपमोड या एका गोष्टीने थांबली.

टाकीसाठी झिगबीचा गळतीचा सेन्सर टाकीच्या काठाच्या जरा खाली, दोन टोकं खाली येतील असा टांगा. पाणी टोकांना लागलं की बझर. सर्किट करायची गरज नाही.

गॅसचा सेन्सर तुम्ही लिहिला नाहीत, पण उद्या मनात येईल म्हणून सांगते. पाइपचा गॅस असेल तर सेन्सर वर, छताजवळ. तो गॅस हवेपेक्षा हलका. सिलिंडर असेल तर खाली, जमिनीजवळ, तो जड. आणि तो सेन्सर स्वतःच्या भोंग्याने ओरडणारा हवा. त्याने तुम्हाला फोनवरही कळवलं तर ते जादाचं, मूळ काम भोंग्याचं.

वॅटमोजणी

पार्लेकरीण ताई, पहिला परिच्छेद प्रत्येकाने वाचावा असा आहे.

कुर्ला_कारशेड

झिगबी डोंगलचं कुणीच बोललं नाही. दहा हजारांत त्यालाही जागा ठेवायचीय ना?

ग्रँटरोड_पूर्व

बरोबर, राहिलं. सोनॉफचा ‘पी’ किंवा ‘ई’ डोंगल, दोन्ही झेडएचए आणि झिगबी२एमक्यूटीटी या झिगबी सांभाळणाऱ्या दोन्ही प्रोग्रामांबरोबर चालतात. तो मशीनला थेट खुपसू नका. यूएसबी ३ चं पोर्ट, केबल आणि त्यावर लावलेली डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करतात, आणि झिगबी तिथेच बोलतं. इंटेलने २०१२ मध्येच हे लेखी मांडलंय. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन घ्या, यूएसबी २ च्या पोर्टला लावा, आणि डोंगल मशीनपासून लांब, मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाटावर किंवा कपाटात नको. ‘सेन्सर सारखा तुटतो’ अशा निम्म्या तक्रारी या एका केबलने मिटतात.

पायप्रेमी

यात भर. जुन्या इमारतीत खोलीगणिक वायफाय असतं. तुमचा राउटर १, ६ किंवा ११ या चॅनेलवर असेल. झिगबी तिच्या २५ व्या चॅनेलवर ठेवलंत तर ते वायफायच्या गर्दीच्या जवळजवळ बाहेर पडतं. २६ वर जाऊ नका, काही उपकरणं तिथे पोचत नाहीत. चॅनेल पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदललं तर उपकरणं परत जोडत बसावं लागतं. आणि एक झिगबीचा प्लग मधल्या भिंतीजवळ लावा, तो निरोप पुढे पोचवतो. बॅटरीवरचे सेन्सर ते काम करत नाहीत.

झेड-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, परदेशातून मागवलेली उपकरणं बहुधा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीची निघतात.

माहीम_खाडी

मशीन कुठे ठेवणार? पोटमाळ्यावर नको, मे महिन्यात तिथे हात ठेवता येत नाही. जमिनीवरही नको. समुद्राजवळच्या हवेत पोर्टांना गंज चढतो, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर नको. आतल्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी हवा लागेल अशी छोटी फळी. मशीन उभं ठेवलं तरी चालतं.

लालबागकर

मंडळी, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो, आय५-६५००टी, आठ जीबी. पहिल्या मशीनला बायोसचा पासवर्ड निघाला, ते परत केलं. दुसऱ्याचा सेल संपलेला होता, प्लग उपटल्यावर अगदी वर लिहिल्याप्रमाणे ‘एफ१’ वर जाऊन बसलं. दुकानदाराने काही न बोलता नवा सेल घातला, परत उपटला, उठलं. नवी एसएसडी आणि डोंगल धरून दहा हजारांत बसलं, एक्स्टेन्शन केबलसकट.

आता होम असिस्टंट ओएस चढवतोय. पेनड्राइव्हवर इमेज लिहिली, पण मशीन ती ओळखतच नाही. शिवाय बाहेरून फोनवर बघायला काय करू? राउटरला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) नाही म्हणतात.

ग्रँटरोड_पूर्व

छान घेतलंत. दोन गोष्टी. बायोसमध्ये बूट यूईएफआय करा आणि सिक्युअर बूट बंद करा, होम असिस्टंट ओएसला तसंच लागतं. दुसरं, ती इमेज पेनड्राइव्हवर नव्हे, मशीनच्या एसएसडीवर लिहायची असते. पेनड्राइव्हवरून उबुंटू ‘ट्राय’ मोडमध्ये चालू करा, त्यातल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्राममधून इमेज एसएसडीवर उतरवा, पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा.

अंबरनाथ_पूर्व

बाहेरून बघायला टेलस्केल, म्हणजे फोन आणि घरचं मशीन खाजगी वाटेने जोडणारी सेवा. पब्लिक आयपी लागत नाही, राउटरमध्ये पोर्ट उघडावं लागत नाही. होम असिस्टंटमध्ये त्याचा अ‍ॅड-ऑन आहे, तुमच्या फोनवर त्याचं अ‍ॅप. पोर्ट उघडून सगळं जगाला दाखवू नका, कॅमेरा येणार आहे ना.

लालबागकर

झालं! दोन्ही जमलं. वॅटमीटरवर निवांत असताना नऊ वॅट दाखवतंय. पंखा ऐकायला कान लावावा लागतो. फळी माहीम यांनी सांगितली तशी आतल्या भिंतीला ठोकली. आईने टाकीचा बझर वाजवून बघितला आणि ‘आवाज जरा कमी कर, शेजारी उठतील’ म्हणाली, तो कमी केला.

साधा प्लगवाला दिवाही मोरीपाशी लावला, पार्लेकरीण ताईंचे विशेष आभार.

पार्लेकरीण

वाचून बरं वाटलं. एक काम आज रात्रीच करून टाका. सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप रोजचा आपोआप करा आणि त्याची एक प्रत मशीनच्या बाहेर जाऊ दे, तुमच्या गूगल ड्राइव्हवर किंवा पवईच्या घरातल्या डिस्कवर. २०२५च्या जानेवारीच्या आवृत्तीपासून हे बॅकअप कुलूपबंद असतात आणि सुरुवातीलाच ‘इमर्जन्सी किट’ नावाची फाइल उतरवून घ्यायला सांगतात, त्यात किल्ली असते. ती किल्ली त्याच मशीनमध्ये ठेवलीत तर मशीन गेल्यावर बॅकअप असूनही उघडणार नाही. छापून घ्या, एक प्रत तुमच्याकडे, एक आईंच्या कागदपत्रांच्या फाइलीत.

लालबागकर

लगेच करतो. फाइल उतरवून ठेवली होती, पण ती माझ्या लॅपटॉपमध्येच आहे. उद्या ऑफिसातून दोन प्रती छापून आणतो.